आरोग्य-संशोधकांच्या मार्गदर्शनासाठी एनआयएचचा पुरवणी निधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजेच एनआयएच, चालू संशोधन-अनुदानाला जोडून जादा पैसे देते आणि त्या पैशांतून एखाद्या नव्या किंवा खंडानंतर परतणाऱ्या संशोधकाला प्रयोगशाळेत घेऊन घडवता येते, हे तिथल्या अनेक मराठी प्राध्यापकांना उशिरा कळते. ज्यांच्यासाठी ही सोय आहे त्या संशोधकांना तर ते बहुधा कळतच नाही. गेली काही वर्षे असे अर्ज वाचून देताना आणि दुरुस्त करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे एकत्र केले आहेत. मुलांच्या संगोपनासाठी किंवा जोडीदाराच्या बदलीमुळे काम सोडावे लागलेल्या पीएचडीधारक स्त्रियांचे प्रश्न त्यांत सर्वांत जास्त होते, म्हणून पुनरागमनाच्या बाजूने येथे अधिक विस्ताराने लिहिले आहे.

१. पुरवणी निधी म्हणजे नेमके काय? ते वेगळे अनुदान असते का?

वेगळे अनुदान नसते. एखाद्या विद्यापीठाला एनआयएचचे आर-०१ सारखे संशोधन-प्रकल्पाचे अनुदान आधीच मिळालेले असते आणि त्यावर काम चालू असते. त्याच अनुदानात, त्याच प्रकल्पाच्या चौकटीत, एका विशिष्ट व्यक्तीच्या पगारासाठी आणि प्रशिक्षणासाठी भर घातली जाते. या भरीला प्रशासकीय पुरवणी म्हणतात. अनुदानाच्या क्रमांकावरूनही ती ओळखता येते, कारण पुरवणीच्या क्रमांकाच्या सुरुवातीला ३ हा आकडा येतो आणि शेवटी एस-१, एस-२ असे जोडलेले असते.

नवे अनुदान मागताना अर्ज बाहेरच्या तज्ज्ञांच्या परीक्षण समितीपुढे जातो आणि त्याला गुण मिळतात. पुरवणीचा अर्ज तेथे जात नाही. मूळ अनुदान देणाऱ्या इन्स्टिट्यूटचे अधिकारीच तो वाचतात आणि निर्णय घेतात. मूळ प्रकल्पाचे विज्ञान आधीच तपासून मंजूर झालेले असल्यामुळे वाचणाऱ्याचे लक्ष येणारी व्यक्ती कोण आहे, तिला येथे काय मिळेल आणि ते देण्याची मार्गदर्शकाची तयारी आहे का, यावर असते. हा फरक मनात पक्का न करता लिहिलेले अर्ज उत्तम विज्ञान असूनही फिके वाटतात.

२. विविधतेसाठीची पुरवणी आणि पुनरागमनासाठीची पुरवणी एकच आहे का?

नाही. दोन्हींची रचना सारखी असली तरी उद्देश आणि पात्रता वेगळी आहे. संशोधनात ज्यांचे प्रमाण कमी आहे अशा गटांतील व्यक्तींसाठी १९८९ मध्ये पुरवणी सुरू झाली. ती पुढे विविधता पुरवणी म्हणून ओळखली गेली आणि शाळकरी विद्यार्थ्यांपासून स्वतंत्र संशोधकांपर्यंत अनेक पातळ्यांवर दिली जात असे. पुनरागमन पुरवणी एनआयएचच्या स्त्री-आरोग्य संशोधन कार्यालयाच्या पुढाकाराने १९९२ मध्ये सुरू झाली. कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे किंवा तशाच अन्य कारणांनी संशोधनापासून दूर गेलेल्यांना परत आणणे हा तिचा हेतू आहे आणि ती पुरुषांनाही खुली आहे. २०२१ मध्ये तिच्यात पुनःसमावेशनाचा भाग जोडला गेला. त्याविषयी प्रश्न १६ पाहावा.

३. विविधता पुरवणीसाठी आता अर्ज करता येतो का?

जुन्या जाहिरातीवर विसंबून अर्ज तयार करू नये. विविधता कार्यक्रम बंद करण्याविषयीच्या जानेवारी २०२५ मधील राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनंतर एनआयएचने विविधता पुरवणीची जाहिरात मागे घेतली आणि आधी मंजूर झालेल्या अनेक पुरवण्याही मध्येच थांबल्या. अनुदाने रद्द करण्याच्या निर्णयांना न्यायालयात आव्हान देण्यात आले. जून २०२५ मध्ये बोस्टनच्या संघीय न्यायाधीशांनी ते निर्णय बेकायदा ठरवले. २१ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी या निकालाला अंशतः स्थगिती दिली आणि रद्द झालेल्या अनुदानांच्या पैशांचे दावे संघीय दावा न्यायालयात मांडावेत, अशी भूमिका घेतली.

शिकत असलेल्या ज्या तरुणांचा पगार मध्येच थांबला, त्यांचे नुकसान कोणत्याही निकालाने पूर्ण भरून येणारे नाही. ज्यांच्या प्रयोगशाळेत असे कोणी असेल, त्या मुख्य संशोधकांनी त्या व्यक्तीला मूळ अनुदानातून किंवा विभागाच्या निधीतून टिकवून ठेवण्याचा मार्ग आधी शोधावा. त्याला बहुतेक वेळा कोणाची नवी परवानगी लागत नाही (प्रश्न ६ पाहावा).

कोणत्याही पुरवणीच्या बाबतीत पहिले काम म्हणजे तिची जाहिरात त्या दिवशी चालू आहे ना, हे ग्रँट्स डॉट गव्ह या संकेतस्थळावर आणि संबंधित इन्स्टिट्यूटच्या पानावर पाहणे, आणि मग प्रोग्रॅम ऑफिसरकडून, म्हणजे ते अनुदान पाहणाऱ्या एनआयएचच्या अधिकाऱ्याकडून, त्याची लेखी खात्री करून घेणे.

४. अर्ज मी करायचा की माझ्या मार्गदर्शकांनी?

मार्गदर्शकांनी, आणि काटेकोरपणे बोलायचे तर त्यांच्या विद्यापीठाने. ज्यांच्या नावावर मूळ अनुदान आहे ते मुख्य संशोधक अर्ज लिहितात आणि विद्यापीठाचा अधिकृत स्वाक्षरी करणारा अधिकारी तो सादर करतो. उमेदवार स्वतःहून अर्ज पाठवू शकत नाही.

त्यामुळे उमेदवाराने आधी आपल्या विषयात चालू अनुदान असलेले प्राध्यापक शोधायचे असतात. एनआयएचच्या रिपोर्टर या सार्वजनिक माहितीसाठ्यात विषय, शहर आणि विद्यापीठ यांनुसार चालू अनुदाने दिसतात आणि प्रत्येकाची मुदत कधी संपते तेही दिसते. राहत्या गावापासून ये-जा करण्याच्या अंतरातल्या विद्यापीठांची यादी तेथून अर्ध्या तासात तयार होते. प्राध्यापकांना पहिले पत्र लिहिताना “मला काम हवे आहे” एवढेच न लिहिता “आपल्या अमुक अनुदानाची तीन वर्षे शिल्लक आहेत आणि त्यावर पुनरागमन पुरवणीचा अर्ज करता येईल असे मला वाटते” असे लिहावे. या सोयीची माहिती अनेक प्राध्यापकांना त्या पत्रातूनच पहिल्यांदा होते.

५. पुनरागमनासाठी किती काळाचा खंड असावा लागतो आणि कोणती कारणे चालतात?

किमान सहा महिन्यांचा खंड अपेक्षित आहे. मूल होणे किंवा मुलांचे संगोपन, स्वतःचे किंवा जवळच्या कुटुंबीयाचे गंभीर आजारपण अथवा अपघात, जोडीदाराच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या सोयीसाठी करावे लागलेले स्थलांतर, सैनिकी सेवा आणि शिक्षणासाठी काढलेले कर्ज लवकर फेडता यावे म्हणून संशोधनाबाहेर केलेली नोकरी, ही मान्य कारणे आहेत. शेवटचे कारण अनेकांना माहीत नसते.

उमेदवाराकडे खंडापूर्वीचा खरा संशोधनानुभव असला पाहिजे. नव्याने पदवी घेण्यासाठी, किंवा ज्याने कधीच संशोधन केलेले नाही अशा व्यक्तीला या क्षेत्रात आणण्यासाठी हा निधी नाही.

६. माझ्याकडे एच-४ (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरील व्यक्तीच्या जोडीदाराचा) व्हिसा आहे आणि कामाची परवानगीही आहे. मी पात्र आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर देताना प्रत्येक वेळी वाईट वाटते. पात्रतेसाठी उमेदवार अमेरिकेचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी, म्हणजे ग्रीन कार्डधारक, असावा लागतो. मे २०१५ पासून एच-४ धारकांपैकी काहींना कामाची परवानगी मिळू लागली, परंतु त्या परवानगीने ही अट पूर्ण होत नाही. एफ-१, जे-१ आणि एच-१बी या विद्यार्थी, अभ्यागत आणि नोकरीच्या व्हिसांचेही तसेच आहे. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डसाठीची रांग लक्षात घेतली, तर ज्यांचा खंड सर्वांत लांब असतो त्यांनाच ही अट सर्वांत जास्त अडवते. मला ही या कार्यक्रमाची सर्वांत मोठी उणीव वाटते.

तरीही दार पूर्ण बंद नाही. नागरिकत्वाची अट पुरवणीला आहे, मूळ संशोधन-अनुदानाला नाही. आर-०१ मधून पगार घेणाऱ्या कर्मचाऱ्याला कामाची वैध परवानगी असली की पुरते, आणि मंजूर निधीची शीर्षके काही प्रमाणात बदलण्याची मुभा मुख्य संशोधकाला असते. त्यामुळे एच-४ वर कामाची परवानगी असलेली व्यक्ती अर्धवेळ संशोधक म्हणून मूळ अनुदानातूनच रुजू होऊ शकते.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. पूर्णवेळ पगारी संशोधनात आधीच परतलेली व्यक्ती पुनरागमन पुरवणीसाठी पात्र राहत नाही. ग्रीन कार्ड काही महिन्यांवर आले असेल, तर रुजू होण्याआधी हा हिशेब करावा आणि प्रोग्रॅम ऑफिसरला विचारावे.

७. मुख्य संशोधक स्वतः नागरिक नसतील तर?

हरकत नाही. नागरिकत्वाची अट फक्त उमेदवाराला आहे.

८. भारतीय वंशाचे लोक विविधतेच्या व्याख्येत येत होते का?

वंशाच्या निकषावर नाही. त्या निकषात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, अमेरिकी आदिवासी आणि प्रशांत महासागरातील बेटांचे मूळ रहिवासी हे गट होते. परंतु व्याख्येचे आणखी दोन भाग होते. एक म्हणजे अपंगत्व. दुसरा म्हणजे वंचित पार्श्वभूमी, ज्यात पालकांपैकी कोणीही पदवीधर नसणे, शाळेत सवलतीच्या जेवणास पात्र असणे, पेल शिष्यवृत्तीस (गरजू विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी मदतीस) पात्र असणे, ग्रामीण भागात वाढणे अशा निकषांपैकी किमान दोन पूर्ण व्हावे लागत. अमेरिकेत वाढलेल्या, मोटेल किंवा दुकान चालवणाऱ्या भारतीय कुटुंबांतील काही मुले या भागात बसू शकत होती. हे उत्तर जुन्या पुरवण्यांचे कागद समजून घेण्यापुरते आहे. आजच्या स्थितीसाठी प्रश्न ३ पाहावा.

९. कोणत्या प्रकारचे मूळ अनुदान चालते आणि त्याची किती मुदत शिल्लक असावी?

सर्वसाधारण अपेक्षा अशी की पुरवणी मंजूर होताना मूळ अनुदानाची किमान दोन वर्षे शिल्लक असावीत. आर-०१ चार-पाच वर्षांचे असते, म्हणून पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षातच अर्ज करणे शहाणपणाचे आहे. आर-०३ आणि आर-२१ ही अनुदाने मुळातच दोन वर्षांची असल्यामुळे हिशेब क्वचितच जुळतो, आणि काही इन्स्टिट्यूट त्यांवरचे अर्ज घेतही नाहीत. जादा निधीविना वाढवलेल्या मुदतीत, म्हणजे मूळ अनुदानाची वर्षे संपून फक्त उरलेले पैसे वापरण्याच्या काळात, नव्या पुरवणीची आशा धरू नये.

पाच वर्षांचे अनुदान मिळाल्यावर पहिले वर्ष सामान आणि माणसे जमवण्यात जाते आणि “पुढच्या वर्षी पाहू” असे होते. पुरवणी मागायची असेल तर पहिल्या वर्षीच विचार सुरू करावा, एवढाच माझा आग्रह आहे.

१०. सर्वांत आधी कोणाशी बोलावे?

मूळ अनुदानाच्या प्रोग्रॅम ऑफिसरशी. त्यांचे नाव मंजुरीपत्रावर असते. एनआयएचमध्ये २७ इन्स्टिट्यूट आणि केंद्रे आहेत आणि पुरवणीची मर्यादा, अर्ज घेण्याचे महिने व कागदपत्रांच्या अपेक्षा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. कर्करोगाच्या इन्स्टिट्यूटमधील सहकाऱ्याला जे सांगितले गेले ते हृदयरोगाच्या इन्स्टिट्यूटला लागू होईलच असे नाही. फोनआधी अर्ध्या पानाचे टिपण पाठवावे. त्यात उमेदवार कोण, खंड किती व कशामुळे, मूळ प्रकल्पाच्या कोणत्या भागावर काम होणार आणि अनुदानाची किती मुदत उरली आहे, एवढे पुरे. फोनवर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: अर्ज कधी पाठवावा, खर्चाची मर्यादा किती आणि गेल्या वेळचे अर्ज कोणत्या कारणांनी मागे पडले. तिसरा प्रश्न विचारायला लोक कचरतात, पण सर्वांत उपयोगी उत्तर त्याचेच मिळते.

११. अर्जात कोणकोणते भाग असतात?

मूळ प्रकल्पाचा सारांश, उमेदवार करणार असलेल्या संशोधनाचा आराखडा, उमेदवाराचे निवेदन, मार्गदर्शकांचे निवेदन आणि मार्गदर्शन आराखडा, दोघांचे बायोस्केच (शिक्षण आणि संशोधन यांचा ठरावीक नमुन्यातला परिचय), पात्रतेविषयीचा संस्थेचा दाखला आणि खर्चाचा तपशील. माणसांवरील किंवा प्राण्यांवरील संशोधन असेल तर संबंधित समित्यांच्या मंजुरीविषयीची माहितीही लागते. पाने आणि नमुने चालू जाहिरातीत पाहावेत. जुन्या अर्जाची नक्कल करताना याच ठिकाणी चुका होतात.

१२. मार्गदर्शन आराखडा कसा लिहावा?

अर्जाचा सगळा भार या भागावर असतो आणि तोच भाग बहुधा शेवटच्या रात्री लिहिला जातो. “उमेदवार दर आठवड्याला माझ्याशी चर्चा करील, प्रयोगशाळेच्या बैठकींना हजर राहील आणि शोधनिबंध लिहील” हे वाक्य मी इतक्या अर्जांत वाचले आहे की त्यातून मार्गदर्शकाविषयी काहीच कळत नाही. हे तर प्रयोगशाळेतल्या प्रत्येकासाठी खरे असते. या एका व्यक्तीसाठी वेगळे काय होणार आहे, हे वाचणाऱ्याला हवे असते.

सुरुवात उणिवांपासून करावी. समजा, उमेदवाराने पेशी-जीवशास्त्रात पीएचडी केली, दोन वर्षे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे प्रशिक्षणाचे संशोधन) केले आणि सहा वर्षे ती घरी होती. त्या सहा वर्षांत एकेका पेशीतील आरएनएचे विश्लेषण नेहमीचे झाले आणि आर किंवा पायथन या संगणक-भाषा न येणाऱ्या प्रयोगशास्त्रज्ञाची अडचण वाढली. आराखड्यात हे स्पष्ट लिहावे आणि त्यापुढे उपाय लिहावा: पहिल्या चार महिन्यांत विद्यापीठाचा कोणता अभ्यासक्रम, विश्लेषण शिकवायला शेजारच्या विभागातील कोणते सहमार्गदर्शक, आणि मूळ प्रकल्पातील आधीच जमलेला कोणता माहितीसंच तिला सरावासाठी देणार. पुढे वर्षवार टप्पे द्यावेत. पहिल्या वर्षी एका परिषदेत भित्तिपत्रक, दुसऱ्या वर्षी पहिल्या लेखकाच्या नावाने हस्तलिखित आणि त्याच वर्षी तिच्या स्वतःच्या अनुदान-अर्जाचा मसुदा, असे टप्पे असले की आराखडा जिवंत होतो.

पुरवणी संपल्यावर ती कुठे जाणार, याचे उत्तरही आराखड्यात असले पाहिजे. स्वतःचे के-अनुदान (कारकीर्द घडवण्यासाठीचे एनआयएचचे अनुदान), अध्यापनाचे पद की उद्योगातील संशोधन, यांपैकी कोणतेही चालेल. परंतु तिकडे नेणारा मार्ग दिसला पाहिजे. पुरवणी संपली आणि व्यक्ती पुन्हा घरी बसली, तर दोघांचीही वर्षे वाया जातात.

मार्गदर्शकाने आजवर कोणाला घडवले आणि ते आज कोठे आहेत, हे थोडक्यात लिहावे. तरुण प्राध्यापकांची यादी लहान असते. त्यांनी ज्येष्ठ सहकाऱ्याला सहमार्गदर्शक म्हणून घ्यावे आणि त्यांच्या पत्रात भेटींचे ठरलेले वेळापत्रक मागावे. उमेदवाराच्या वैयक्तिक विकास आराखड्याचा आढावा दर सहा महिन्यांनी कोण घेणार, तेही लिहावे.

१३. खंडाविषयी किती आणि कसे लिहावे?

तारखा नेमक्या, कारण एका-दोन वाक्यांत आणि पुढचा सगळा मजकूर पुढच्या कामाविषयी. “दुर्दैवाने मला काम सोडावे लागले” अशी क्षमायाचना करू नये, कारण हा कार्यक्रमच खंड मान्य करून उभा राहिला आहे. आजारपणाचा तपशील देण्याचीही गरज नाही. “जवळच्या कुटुंबीयाच्या दीर्घ आजारपणात मुख्य काळजीवाहक होते” एवढे पुरते.

खंडाच्या काळात वाचन, परीक्षण, ऑनलाइन अभ्यासक्रम, एखाद्या जुन्या निबंधाचे पुनर्लेखन असे काही केले असेल तर ते जरूर सांगावे. केले नसेल तर ओढूनताणून आणू नये. बायोस्केचच्या वैयक्तिक निवेदनातही कौटुंबिक जबाबदाऱ्या, आजार किंवा अपंगत्व यांमुळे प्रकाशनांत पडलेला खंड नोंदवण्याची मुभा एनआयएच देते. दोन्ही ठिकाणच्या तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

१४. अर्धवेळ काम चालते का?

हो, पुनरागमन पुरवणीत अर्धवेळ कामाची सोय आहे. किमान ५० टक्के वेळ द्यावा लागतो. शाळेत जाणारी मुले असलेल्या अनेकींना याच कारणाने परतणे शक्य होते. मात्र अर्धवेळ नेमणुकीत आरोग्य-विमा आणि इतर लाभ मिळतात का, हे विद्यापीठाच्या मनुष्यबळ विभागाकडून आधी लेखी विचारून घ्यावे. अर्ध्या पगारातून पाळणाघराचा खर्च गेल्यावर हाती काही उरत नाही, हे रुजू झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

१५. पैसे कशासाठी वापरता येतात?

मुख्यतः उमेदवाराच्या पगारासाठी व लाभांसाठी, आणि थोडी रक्कम साहित्य व परिषदेच्या प्रवासासाठी. मार्गदर्शकाचा पगार यातून निघत नाही. पगार विद्यापीठाच्या त्या पदाच्या श्रेणीप्रमाणे ठरतो. तुलनेसाठी सांगायचे तर एनआयएचच्या प्रशिक्षण शिष्यवृत्तीत २०२४ या आर्थिक वर्षात नव्या पोस्टडॉकसाठी ६१,००८ डॉलर वार्षिक विद्यावेतन होते. खंडापूर्वी पोस्टडॉक पूर्ण केलेल्या व्यक्तीला पुन्हा शून्य अनुभवाच्या श्रेणीवर बसवू नये, असे मी प्रत्येक मार्गदर्शकाला सांगते. आधीचा अनुभव खंडामुळे पुसला जात नाही.

१६. मागच्या प्रयोगशाळेत छळ झाल्यामुळे मला काम सोडावे लागले. माझ्यासाठी काही सोय आहे का?

पुनःसमावेशनाचा भाग यासाठीच २०२१ मध्ये आणला गेला. बेकायदा छळामुळे असुरक्षित किंवा भेदभावाचे वातावरण सोसलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना व पोस्टडॉकना लवकरात लवकर दुसऱ्या, सुरक्षित प्रयोगशाळेत हलवता यावे, हा त्याचा हेतू आहे. येथे सहा महिन्यांच्या खंडाची वाट पाहणे अभिप्रेत नाही. अर्ज नव्या प्रयोगशाळेचे मुख्य संशोधक आपल्या चालू अनुदानावर करतात, जुन्या प्रयोगशाळेचे नव्हे.

माझा सल्ला असा की घडलेल्या घटनेचे तपशील अर्जाच्या मजकुरात घालू नयेत. तो मजकूर अनेकांच्या हातांतून जातो. काय सांगावे आणि कोणाला, हे इन्स्टिट्यूटच्या संबंधित अधिकाऱ्याशी बोलून ठरवावे. अनुदानावरील प्रमुख व्यक्तीला छळाच्या कारणावरून पदावरून दूर केले किंवा तिच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली, तर ३० दिवसांच्या आत एनआयएचला कळवणे २०२२ पासून संस्थांना बंधनकारक आहे, हेही माहीत असावे.

१७. खंडाच्या काळात मी कॉलेजात तास घेतले, किंवा वैद्यकीय लेखन केले. माझा खंड मोडला का?

संशोधनाबाहेरच्या कामाने खंड मोडत नाही. अडचण येते ती पगारी संशोधन केले असेल तर, आणि त्यातही ते पूर्णवेळ असेल तर. ज्यांनी दुसऱ्या एखाद्या पुनरागमन शिष्यवृत्तीतून परतण्याची सुरुवात आधीच केली आहे, त्यांनाही ही पुरवणी मिळत नाही. एखाद्या प्रयोगशाळेत काही तास विनावेतन मदत केली असेल, तर ते न लपवता प्रोग्रॅम ऑफिसरला सांगून निर्णय घ्यावा.

१८. माझी वैद्यकीय पदवी भारतातली आहे. चालेल का?

पदवी परदेशातली असणे हा अडथळा नाही. ती समकक्ष असल्याची खात्री नेमणूक करणारे विद्यापीठ करते. खरा प्रश्न आधीच्या संशोधनाचा असतो. केवळ रुग्णसेवा केलेली असेल तर प्रश्न ५ मधील शेवटची अट आडवी येते. एमडीच्या काळातील प्रबंध आणि त्यावरील प्रकाशित निबंध असतील, तर ते ठळकपणे मांडावेत.

१९. अनुदान माझ्या पतीचे आहे. त्यांच्याच प्रयोगशाळेत मी परतू शकते का?

एकाच विद्यापीठात पती प्राध्यापक आणि पत्नी पीएचडीधारक, हे चित्र आपल्या लोकांत वरचेवर दिसते, म्हणून हा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर बहुतेक ठिकाणी नाही असेच आहे. अनुदान घेणाऱ्या संस्थांनी हितसंबंध आणि नातेवाइकांच्या नेमणुका यांविषयी लेखी नियम ठेवणे एनआयएचला अपेक्षित असते आणि जोडीदाराच्या थेट देखरेखीखालील नेमणूक त्या नियमांत सहसा बसत नाही. नियमाने वाट काढता आली तरी ती काढू नये, असे मला मनापासून वाटते. परतणाऱ्या संशोधकाला स्वतःच्या नावाने ओळख मिळायला हवी, आणि पतीने लिहिलेले मार्गदर्शकाचे निवेदन वाचणाऱ्याला कितपत पटेल? दुसऱ्या विभागातील मार्गदर्शक शोधावा. त्यासाठी प्रश्न ४ मधील रिपोर्टरचा मार्ग उपयोगी पडतो.

२०. मी काम सोडलेले नाही, पण बाळंतपणामुळे माझे स्वतःचे अनुदान धोक्यात आहे. पुनरागमन पुरवणी मिळेल का?

ही पुरवणी तुमच्यासाठी नाही. प्रथमच के-अनुदान मिळालेल्या आणि प्रथमच आर-०१ मिळालेल्या संशोधकांसाठी एनआयएचने २०२० मध्ये वेगळ्या पुरवण्या आणल्या. बाळंतपण, दत्तकविधान किंवा आजारी कुटुंबीयाची मुख्य जबाबदारी अशा प्रसंगी संशोधन थांबू नये, हा त्यांचा हेतू आहे. तेथे अर्ज स्वतःच्याच अनुदानावर करायचा असतो. याखेरीज, अंतिम पदवीनंतर किंवा रेसिडेन्सीनंतर दहा वर्षे मिळणारा नवोदित संशोधकाचा दर्जा अपत्यजन्मासाठी एक वर्ष वाढवून मागता येतो. ती विनंती इरा कॉमन्स या एनआयएचच्या ऑनलाइन प्रणालीवरून करायची असते.

२१. मी पुण्यात आहे. येथून अर्ज करता येईल का?

नाही. नागरिकत्वाच्या अटीबरोबरच (प्रश्न ६) काम अमेरिकेतील संस्थेत व्हावे लागते. भारतात यासाठी वेगळे मार्ग आहेत. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची महिला वैज्ञानिक योजना २००२-०३ मध्ये सुरू झाली आणि आता तिचे काम वाइज-किरण या छत्राखालील पीएचडी व पोस्टडॉक शिष्यवृत्त्यांतून चालते. जैवतंत्रज्ञान विभागाचा बायोकेअर हा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला. या योजनांत संशोधिका स्वतः अर्ज करते, यजमान संस्था व मार्गदर्शक स्वतः निवडते आणि प्रकल्प तिच्या नावावर असतो. एनआयएचच्या पुरवणीपेक्षा ही रचना उमेदवाराला अधिक स्वातंत्र्य देते, असे माझे मत आहे.

२२. उमेदवाराला स्वतःचा नवा विषय हाती घेता येतो का?

मूळ प्रकल्पाची मंजूर उद्दिष्टे बदलता येत नाहीत, पण त्यांच्या आत नवा प्रश्न विचारता येतो. मूळ प्रकल्प मधुमेहींच्या मूत्रपिंडावर असेल, तर त्याच नमुन्यांत स्त्रिया आणि पुरुष यांच्यातील फरक पाहणे चौकटीत बसते; नव्या रुग्णांवर नव्या औषधाची चाचणी सुरू करणे बसत नाही. उमेदवाराला तयार माहिती गोळा करणारा जादा हात म्हणून वापरणे हे दुसरे टोक, आणि तेही तितकेच चुकीचे आहे. उमेदवाराच्या नावाने ओळखला जाईल असा एक स्वतंत्र तुकडा आराखड्यात असलाच पाहिजे.

२३. अर्ज नाकारला गेला तर?

परीक्षण समिती नसल्यामुळे गुणपत्रक किंवा टिपणांचा सविस्तर अहवाल येत नाही. म्हणून प्रोग्रॅम ऑफिसरला वेळ मागून कारण विचारावे. निधी संपला होता असे उत्तर आले, तर पुढच्या आर्थिक वर्षात, म्हणजे ऑक्टोबरनंतर, पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे. मात्र तोपर्यंत प्रश्न ९ मधील मुदतीचा हिशेब पुन्हा मांडावा. मार्गदर्शन आराखडा कमकुवत होता असे उत्तर आले, तर तो नव्याने लिहावा. शब्द फिरवून भागत नाही.

२४. पुरवणी चालू असताना उमेदवाराने सोडले, किंवा मुख्य संशोधकच दुसऱ्या विद्यापीठात गेले, तर निधीचे काय होते?

पुरवणी त्या व्यक्तीच्या नावाने मंजूर झालेली असते. तिच्या जागी दुसऱ्याला बसवता येत नाही आणि उरलेली रक्कम प्रकल्पाच्या इतर कामाला वळवण्याआधी एनआयएचला विचारावे लागते. मुख्य संशोधक मूळ अनुदानासह दुसरीकडे गेले, तर पुरवणीही अनुदानासोबत जाते. उमेदवार मात्र कुटुंबामुळे त्याच शहराशी बांधलेली असू शकते. अशा वेळी उमेदवार पुन्हा उघड्यावर पडते. ज्यांच्या बदलीची शक्यता आहे अशा मुख्य संशोधकांनी अर्जाआधीच ती उमेदवाराला सांगावी, आणि उमेदवारानेही पहिल्याच भेटीत हा प्रश्न न संकोचता विचारावा. पुरवणीच्या काळातील उमेदवाराची प्रगती मूळ अनुदानाच्या वार्षिक अहवालात नोंदवायची असते. ती नोंद उमेदवाराने दर वर्षी स्वतः वाचून घ्यावी आणि तिची प्रत आपल्याजवळ ठेवावी, म्हणजे मध्येच काही बदलले तरी केलेल्या कामाचा कागद तिच्या हातात राहील.